लाकडाच्या स्टोव्हची ऊब शेवटच्या खोलीपर्यंत कशी न्यावी?

हिमगौरी७ | १० जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यू हॅम्पशरमध्ये, लेबननजवळ, घर घेतलं. एकमजली रँच आहे. पूर्वेच्या टोकाला दिवाणखाना आणि त्याला लागून स्वयंपाकघर, मग तीन फूट रुंदीचा पॅसेज आणि पश्चिमेच्या टोकाला तीन बेडरूम व बाथरूम. दिवाणखान्यातला बिडाचा स्टोव्ह घरासोबतच आला. तळघरात तेलावर चालणारी फर्नेस आहे, पण डिसेंबरचं तेलाचं बिल बघून नवऱ्याने फर्मान काढलं की यापुढे घर लाकडावरच तापवायचं. सरपण भरपूर आहे, मागच्या मालकाने दोन कॉर्ड (इथलं सरपणाचं माप) रचून ठेवलंय.

बाहेर ५ फॅ. (उणे १५ से.) असताना दिवाणखान्यात ८४ फॅ. आणि पश्चिमेकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत ५७! त्या खोलीत सासूबाई-सासरे राहतात, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. सासूबाई कानटोपी घालून झोपतात आणि सकाळी नवऱ्याला म्हणतात, "तुझ्या अमेरिकेपेक्षा महाबळेश्वर परवडलं." दिवाणखान्यात मात्र आम्ही टी-शर्टवर बसून घामाघूम.

टेबलफॅन स्टोव्हच्या मागे ठेवून हवा पॅसेजकडे ढकलून पाहिली, फरक शून्य. फर्नेसचा नुसता पंखा 'ऑन' करून पाहिला, तर अर्ध्या तासात सगळंच घर गार वाटायला लागलं. आता नवरा म्हणतोय की दरवाज्यांच्या वर भिंतीत भोकं पाडून छोटे पंखे बसवू, नाहीतर पोटमाळ्यातून डक्ट नेऊ. भोकं पाडण्याआधी इथे विचारावं म्हटलं.

---

ओंडका | १० जानेवारी, रात्री १०:१५

भोकं पाडू नका, ताई. आधी पंखा उलटा करा.

पॅसेजच्या पश्चिमेच्या टोकाला, अगदी जमिनीवर, आठ-दहा इंची पंखा ठेवा, तोंड स्टोव्हकडे आणि वेग सगळ्यात कमी. गार हवा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते. ती स्टोव्हच्या खोलीत ढकलली की तिथे जागा करण्यासाठी छताजवळची ऊन हवा आपोआप पॅसेजमधून तुमच्या खोल्यांकडे निघते. ऊन हवा ढकलायला गेलं की ती पंख्यासमोर लगेच आजूबाजूच्या गार हवेत मिसळते आणि वर उठते, पॅसेज गाठतच नाही. शिवाय समोरून जमिनीलगत येणाऱ्या गार हवेला तुमचा पंखा आडवा जातो. आम्ही व्हरमाँटात हेच करतो, शेजारीपाजारीही हेच करतात.

पंखा लावायच्या आधी एक करून बघा. दिवाणखाना आणि पॅसेज यांच्यामधल्या दारात उदबत्ती धरा. वर, चौकटीजवळ धरली की धूर बेडरूमकडे जाईल. घोट्याजवळ धरली की स्टोव्हकडे येईल. मध्ये कुठेतरी धूर सरळ वर जातो, तिथे हवा कुणाच्याच बाजूने नाही. वरचा धूर जेमतेम हलत असेल तर तुमच्या वाटेत काहीतरी अडथळा आहे.

आणि तो अडथळा बहुतेक दरवाज्याच्या वरची भिंत असणार. छत आठ फुटांवर, दरवाजा ८० इंच उंच, म्हणजे वर सोळा इंच भिंत. दिवाणखान्यातली सर्वांत तापलेली हवा त्या सोळा इंचांत अडकून बसते. छताचा पंखा आहे का?

---

हिमगौरी७ | १० जानेवारी, रात्री १०:३०

आहे, पण हिवाळ्यात कोण पंखा लावतं म्हणून बंद आहे. उदबत्ती हातात घेतलेली बघून सासूबाईंनी विचारलं, आज काय विशेष?

---

ओंडका | १० जानेवारी, रात्री १०:३८

लावा. मोटरच्या डब्यावर बारकी सरकती कळ असते, ती फिरवली की पाती उलट फिरतात. खालून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवीत, आणि वेग सगळ्यात हळू. हवा छताकडे ओढली जाते, भिंतीच्या कडेने खाली उतरते, आणि अंगावर वाराही येत नाही. त्या सोळा इंचांतली ऊब दरवाज्याच्या उंचीपर्यंत खाली आली की मगच ती बाहेर पडेल.

---

पेठेतला_गारठा | ११ जानेवारी, सकाळी १०:०५ (भा. प्र. वे.)

आमच्या पुण्यात ८ अंश झालं की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. तुम्ही लोक उणे १५ मध्ये टी-शर्टवर बसून तक्रार करताय. (दिवे घ्या.)

पण एक प्रामाणिक शंका. स्टोव्ह एवढा तापतो, तर भिंतीपलीकडच्या खोलीला का लागत नाही?

---

शून्याखाली | ११ जानेवारी, सकाळी ८:२०

पेठेतले, उत्तर तुमच्याच फोटोत आहे. शेकोटीपाशी छाती भाजते आणि पाठ गारठते. बिडाच्या स्टोव्हच्या उष्णतेचा मोठा भाग तसाच, सरळ रेषेत, किरणांनी जातो. ज्या भिंतीला, खुर्चीला, माणसाला स्टोव्ह 'दिसतो' तेवढ्यालाच ती लागते. पॅसेजच्या वळणापलीकडच्या खोलीला स्टोव्ह दिसत नाही, तिला फक्त हवेवर भागवावं लागतं. काही स्टोव्हना बाहेरून पत्र्याचं दुसरं कवच असतं आणि मधल्या पोकळीतून हवा वर निघते. ते किरण कमी फेकतात, हवा जास्त तापवतात, आणि लांबट घराला ते बरे पडतात. हिमगौरीताई, तुमच्या स्टोव्हला मागे ब्लोअर बसवायची सोय आहे का बघा. कवच असेल तर सहसा असते.

---

मिशिगनवासी | ११ जानेवारी, सकाळी ९:५०

सगळे आपापला अनुभव सांगताहेत, मी थोडं गणित करतो. कंटाळा येणाऱ्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

हवेने वाहून नेलेली उष्णता, ताशी बीटीयूमध्ये (उष्णतेचं एकक) = सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) × १.०८ × तापमानातला फरक (फॅ.).

भिंतीत बसवायचा छोटा पंखा १०० सीएफएमचा धरू. छताजवळ ८४, बेडरूममध्ये ६४, फरक २०. म्हणजे १०० × १.०८ × २० = २१६० बीटीयू, सुमारे ६३० वॅट. दुकानात मिळणारा साधा विजेचा हीटर १५०० वॅटचा असतो. भिंत फोडायची, वायर ओढायची, रात्रभर घरघर ऐकायची, आणि पदरात काय, तर अर्ध्या हीटरपेक्षाही कमी.

आता उघडं दार घ्या. ३२ इंच रुंद, ८० इंच उंच, आणि दोन्हीकडच्या हवेत फक्त ९ अंशांचा (५ से.) फरक. एवढ्यावर वरच्या अर्ध्यातून ऊन हवा बाहेर आणि खालच्या अर्ध्यातून गार हवा आत, अशी प्रत्येक दिशेने साधारण ३९० सीएफएमची ये-जा बिनपंख्याची होते. ३९० × १.०८ × ९ = जवळपास ३८०० बीटीयू, म्हणजे १.१ किलोवॅट. फुकट. दार हाच तुमचा सगळ्यात मोठा डक्ट आहे, आणि बहुतेक घरांत लोक तोच लावून घेतात.

आता मेख. कोपऱ्यातल्या खोलीला दोन बाहेरच्या भिंती, एक खिडकी आणि बेताचं इन्सुलेशन असेल, तर बाहेर ५ फॅ. असताना ती ताशी अडीच-तीन हजार बीटीयू गमावते. अशा तीन खोल्या आणि बाथरूम, सगळ्यांचा पुरवठा पॅसेजच्या एकाच तोंडातून. त्यात दोन दारं एकामागोमाग लागतात, त्यामुळे प्रत्येक दाराच्या वाट्याला फरकाचा तुकडाच येतो. पंखा तिथे कामाला येतो, पॅसेजच्या तोंडातली ये-जा वाढवायला. पण ८४ आणि ५७ यांचं ७० आणि ७० होणार नाही. दिवाणखान्यापेक्षा शेवटची खोली दहा-बारा अंशांनी गार राहिली तर तो उत्तम निकाल समजा.

पोटमाळ्यातल्या डक्टचा विचार सोडा. पोटमाळा बाहेरएवढाच गार. तिथून नेलेली ऊन हवा वाटेतच ऊब टाकते, आणि तिच्यातली वाफ डक्टमध्ये थिजून पाणी होऊन छतावर टपकते. फर्नेसच्या पंख्याचंही तेच. तुमच्या घरातले डक्ट गार तळघरातून जात असणार. शिवाय फर्नेस हवा खेचते ती सगळ्या घराची, स्टोव्हच्या खोलीचा वाटा त्यात थोडा.

---

तिरफळ | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

मिशिगनवासी, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. मग फर्नेसची हवा खेचणारी जाळीच स्टोव्हपाशी आणून बसवली तर?

---

मिशिगनवासी | ११ जानेवारी, सकाळी १०:४१

नको. अमेरिकेतल्या बांधकाम संहितेत ही जाळी उघड्या ज्वलनकक्षापासून दहा फुटांच्या आत घेऊ देत नाहीत. स्टोव्हचं दार उघडलेलं असताना खेच तिकडे लागली तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या खोल्यांत पोचेल.

---

शून्याखाली | ११ जानेवारी, दुपारी १२:१५

गणित बरोबर आहे, पण तुम्ही सगळे पुरवठ्यावरच बोलताय. गळतीचं काय? मी मिनेसोटात आहे आणि माझं मत स्पष्ट आहे. शेवटची खोली गार असते तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष त्या खोलीचाच असतो.

घरातली ऊन हवा वर चढते, छतातल्या फटींतून पोटमाळ्यात निसटते, आणि तेवढीच गार हवा खालून, तळघराच्या कडेने, जोत्याजवळून आत ओढली जाते. स्टोव्ह जितका जोरात पेटवाल तितकी ही ओढ वाढते. म्हणून आधी पोटमाळ्यावर चढा. चढायच्या झडपेला रबराची पट्टी आहे का? छतात बसवलेल्या दिव्यांभोवती, नळाच्या पाइपांभोवती, धुराड्याभोवती फटी आहेत का? धुराड्याभोवती फोम भरू नका, तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंटच लागतं. फटी बुजवल्यावरच वर इन्सुलेशन घाला, आर-४९ ते आर-६० पर्यंत (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा जास्त तितकं चांगलं). उलटा क्रम केला तर पैसे गेले. मग तळघरात उतरून जोत्याच्या लाकडाची कड बघा, तिथून बहुतेक घरांत वारा येतो.

वाऱ्याच्या दिवशी तीच उदबत्ती बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगपॉइंटजवळ आणि खिडकीच्या चौकटीजवळ फिरवा. धूर आडवा झाला की फट सापडली. खिडक्यांना केस वाळवायच्या ड्रायरने ताणून बसवायचं प्लास्टिक मिळतं. दिसायला भिकार आहे, पण एका हिवाळ्यापुरतं झकास काम करतं.

न्यू हॅम्पशरमध्ये 'एनएच सेव्ह्ज' या योजनेतून ऊर्जा-तपासणी होते. दारात मोठा पंखा बसवून घरातली थोडी हवा बाहेर ओढतात आणि हवा कुठून घुसते ते दाखवतात. एकदा बघाच. सासऱ्यांना तर फारच आवडेल.

---

हिमगौरी७ | ११ जानेवारी, दुपारी १:०५

सासरे एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. ते आत्ताच टॉर्च घेऊन तळघरात उतरलेत. :)

---

फौजी_काका | ११ जानेवारी, सायंकाळी ६:२०

मी हा धागा कौतुकाने वाचतो आहे. नोकरीत असताना लेहला हिवाळे काढलेले आहेत. साडेतीन हजार मीटरवर आमची सोय म्हणजे पत्र्याची बुखारी. बाजूला हात धरला तर पोळेल, आणि दहा पावलांवर पाण्याची बादली गोठलेली. सगळ्या खोल्या सारख्या तापवण्याचा विचार तिथे कुणाच्या डोक्यातही येत नाही. लडाखी कुटुंब हिवाळ्यात स्वयंपाकघरात राहायला येते. चूल मध्यभागी, भोवती बसायच्या गाद्या, जेवण तिथे, गप्पा तिथे, निजणेही तिथेच. जुन्या घरांत खालच्या मजल्यावर जनावरे बांधतात, त्यांचीही ऊब वर येते. दक्षिणेला मोठ्या खिडक्या, उत्तरेला जवळजवळ नाहीच.

काश्मिरात निराळी तऱ्हा पाहिली. मशिदींतून आणि जुन्या मोठ्या घरांतून हमाम असतो. दगडी फरशी, तिच्याखाली पोकळी, त्या पोकळीत लाकडे जाळायची. फरशी तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की कितीतरी तास ऊब देते, आणि खोलीभर एकसारखी. हवा फिरवण्याचा प्रश्नच मिटला.

माझा एकच आग्रह. बुखारी पेटती ठेवून, खोली गच्च बंद करून झोपल्यामुळे माणसे गेलेली आम्हाला माहीत आहेत. घरात वयस्कर मंडळी आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यांच्या खोलीबाहेर आजच लावा, उद्या नको.

---

हिमगौरी७ | ११ जानेवारी, सायंकाळी ६:५५

काका, पॅसेजमध्ये आहे आणि तळघरातही आहे. आत्ता बटण दाबून वाजवून पाहिले, दोन्ही चालू आहेत. आभार.

---

तिरफळ | ११ जानेवारी, रात्री ८:१०

अलार्मवरून आठवलं. आमच्याकडे (ब्रॅम्प्टन) बांगड्याची फोडणी टाकताना ओट्यावरची चिमणी फुल्ल केली की स्टोव्हच्या दारातून धूर खोलीत येतो. स्टोव्ह बिघडलाय का?

---

ओंडका | ११ जानेवारी, रात्री ८:२२

स्टोव्ह ठणठणीत आहे. तुमची चिमणी मिनिटाला कित्येकशे घनफूट हवा बाहेर फेकते. घर घट्ट असेल तर ती हवा परत यायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे धुराडं. चिमणी लावण्याआधी स्वयंपाकघरातली खिडकी दोन बोटं उघडा, आणि स्टोव्हमध्ये नुसते निखारे उरलेले असताना ती जोरात चालवू नका, कारण तेव्हा धुराड्याची ओढ सर्वांत कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त. कायमचा उपाय म्हणजे स्टोव्हला बाहेरची हवा थेट पुरवणारा पाइप. बऱ्याच कंपन्या त्यासाठी किट देतात. शून्याखालींच्या सल्ल्याप्रमाणे फटी बुजवल्यावर तर याची गरज वाढते.

---

शून्याखाली | ११ जानेवारी, रात्री ८:४०

हिमगौरीताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या फर्नेसचा थर्मोस्टॅट कुठे आहे?

---

हिमगौरी७ | ११ जानेवारी, रात्री ८:४४

दिवाणखान्यात, पॅसेजच्या तोंडाशी. स्टोव्हपासून बारा-तेरा फुटांवर.

---

शून्याखाली | ११ जानेवारी, रात्री ९:०२

मग अर्धा उलगडा झाला. थर्मोस्टॅटला ८० दिसतंय, त्यामुळे फर्नेस रात्रभर एकदाही सुरू होत नाही. पश्चिमेच्या टोकाला सासूबाई गारठताहेतच, त्याहून काळजी त्या बाजूच्या बाथरूमच्या पाइपांची. बाहेरच्या भिंतीतून किंवा तळघराच्या त्या कोपऱ्यातून नळ जात असतील, तर असल्या थंडीत ते गोठून फुटतात. लाकडावर घर तापवणाऱ्यांकडे पाइप फुटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पुढची बाजू इतकी ऊबदार असते की मागचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आज रात्री तिथल्या बेसिनखालचं कपाट उघडं ठेवा आणि नळ बारीक धारेवर सोडा. मग थर्मोस्टॅट पश्चिमेच्या खोलीत हलवा, किंवा बिनतारी सेन्सर मिळतो तो सासूबाईंच्या खोलीत ठेवून थर्मोस्टॅटला त्याचं ऐकायला लावा, ६२ वर. म्हणजे स्टोव्ह नेईल तिथपर्यंत नेईल आणि उरलेलं फर्नेस भरून काढेल. तेलाचं बिल शून्य होणार नाही. पण फर्नेसला हिवाळाभर पूर्ण बंद ठेवणं मला कधीच शहाणपणाचं वाटलेलं नाही. तुमच्या नवऱ्याला हे पटलं नाही तर पाइप बदलायचा अंदाजे खर्च विचारून ठेवायला सांगा.

---

फ्योर्डकर | १२ जानेवारी, पहाटे ४:३०

ट्रॉन्डहाइमहून. इथे घराघरात लाकडाचा स्टोव्ह असतो. योतुलसारखी कंपनी १८५३ पासून बिडाचे स्टोव्ह बनवते. चर्चा चाललीय ती उष्णता खोल्यांत सारखी वाटण्याची. ती वेळेतही सारखी वाटावी लागते, हे कुणी बोललं नाही. संध्याकाळी ८४, पहाटे पाचला ५५, हाही तितकाच त्रास.

यावर दोन गोष्टी. पहिली म्हणजे वजन. सोपस्टोनचे किंवा वीट-फरशीचे जड स्टोव्ह तापायला वेळ घेतात आणि रात्रभर हळूहळू सोडतात. फिनलंडकडचे मोठे बांधीव स्टोव्ह तर दिवसातून एकदा-दोनदा दणकून पेटवतात, बस्स. फौजी काकांच्या हमामचं तत्त्व तेच. बिडाचा हलका स्टोव्ह असेल तर एकदम दारापर्यंत भरू नका, थोडी थोडी लाकडं जास्त वेळा घाला. दिवाणखान्याचं ८४ तिथेच उतरेल.

दुसरी म्हणजे 'रात्रभर टिकावा म्हणून' हवेची कळ पूर्ण बंद करून स्टोव्ह धुमसत ठेवणं. हे करू नका. ऊब कमी मिळते, काच काळी होते, आणि धुराड्यात क्रियोसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, साचतो. तो एक दिवस पेटतो, तेव्हा घराची ऊब एकदम सारखी वाटली जाते. इथे आता लाकडं वरून पेटवायला शिकवतात. जाड ओंडके खाली, बारीक ढलप्या वर, आणि काडी सगळ्यात वर लावायची. धूर ज्वाळेतून जातो आणि जळतो. लाकडात पाणी २० टक्क्यांहून कमी हवं. स्वस्तातलं मीटर मिळतं, पण ते ओंडक्याच्या बाहेरून टोचू नका. ओंडका फोडा आणि ताज्या फोडीवर टोचा.

अवांतर: नॉर्वेजियन लोक झोपायची खोली मुद्दाम गार ठेवतात, खिडकी किलकिली करून. माझी आई आली तेव्हा हे ऐकून तिने शेजाऱ्यांबद्दल जे उद्गार काढले ते इथे लिहीत नाही.

---

मिशिगनवासी | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

फ्योर्डकरांना अनुमोदन. मागच्या मालकाने रचलेली दोन कॉर्ड किती जुनी आहेत ते बघा, हिमगौरीताई. कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फूट, १२८ घनफूट. ओकचं असेल आणि मागच्या वसंतात फोडलेलं असेल तर या हिवाळ्यात ते ओलंच असणार. ओकला फोडल्यावर दोन उन्हाळे तरी लागतात. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलं पाणी उकळण्यातच जाते.

---

पेठेतला_गारठा | १२ जानेवारी, सकाळी ११:०० (भा. प्र. वे.)

स्टोव्हवर ठेवायचा बिनविजेचा छोटा पंखा मिळतो म्हणे, तापला की आपोआप फिरतो. मेव्हण्याने टेक्सासहून फोटो पाठवला. टेक्सासमध्ये स्टोव्ह कशाला, हे मी त्याला विचारलं नाही.

---

ओंडका | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

मिळतो. खालचा भाग तापलेला आणि वरचा गार, या फरकातून वीज तयार होते आणि तीवर पातं फिरतं. खोलीतल्या खोलीत ऊब जरा पुढे सरकवायला ठीक. वीज गेली तरी चालतो हे खरं. पण पॅसेज ओलांडून सासूबाईंपर्यंत? नाही.

---

हिमगौरी७ | १३ जानेवारी, रात्री ९:३०

खबरबात देते. छताचा पंखा उलटा, हळू. पॅसेजच्या टोकाला जमिनीवर छोटा पंखा, तोंड स्टोव्हकडे. तिन्ही बेडरूमची दारं सताड उघडी. बाहेर ७ फॅ. आता दिवाणखान्यात ७८, सासूबाईंच्या खोलीत ६३, आणि मधल्या खोलीत, जिथे मुलगा झोपतो, ६६. उदबत्तीचा धूर दाराच्या वरून चांगला जोरात पॅसेजकडे जातो. थर्मोस्टॅटचा सेन्सर मागवलाय. नवऱ्याने 'तेल शून्य'वरून 'तेल थोडं' इथपर्यंत माघार घेतली आहे.

सासऱ्यांना तळघरात पश्चिमेच्या कोपऱ्यात जोत्याच्या लाकडाला बोटभर फट सापडली. उंदीर जाईल एवढी, आणि बहुतेक जातही असणार. त्यांनी ती बुजवली. त्याच कोपऱ्याच्या वर त्यांची खोली आहे.

पण दोन नव्या तक्रारी. पॅसेजमध्ये घोट्याला गार वारा लागतो, सासूबाई म्हणतात पाय धरतात. आणि रात्री दार उघडं ठेवून झोपायला त्यांना आवडत नाही. दार लावलं की तासाभरात खोली ५९.

---

ओंडका | १३ जानेवारी, रात्री ९:५५

घोट्याचा वारा लागणारच. खोल्यांतली गार हवा त्याच वाटेने निघतेय. पंखा दुपारी आणि संध्याकाळी चालू ठेवा, सगळे दिवाणखान्यात असतात तेव्हा. खोल्यांच्या भिंती, गाद्या, कपाटं तापून घेऊ देत. रात्री त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळेला बंद. आणि त्यांना लोकरीचे मोजे द्या, पंखा कितीही हळू केला तरी.

---

मिशिगनवासी | १३ जानेवारी, रात्री १०:१०

बंद दारासाठी: दाराखाली पाऊण इंचाची फट असली तरी तेवढ्याने भागत नाही, कारण गार हवा बाहेर जायला खाली वाट हवी तशी ऊन हवा आत यायला वरही हवी. दाराच्या वर एक आणि खाली एक अशी जाळी बसवता येते, पण मग आवाजही येतो-जातो, आणि बंद दार आग अडवतं तो फायदा कमी होतो. मी असतो तर त्या एका खोलीत तेल भरलेला विजेचा रेडिएटर ठेवला असता, ६४ ला लावून. भिंतीच्या प्लगमध्ये थेट, एक्स्टेन्शन वायर अजिबात नाही. खोली आधीच ६३ ला असल्यावर तो फार वेळ चालायचा नाही.

---

हिमगौरी७ | १३ जानेवारी, रात्री १०:२५

हे पटलं. उद्या आणतो. दाराला भोक पाडायचं म्हटलं असतं तर सासूबाईंनी मला साताऱ्याला पाठवलं असतं.

---

तिरफळ | १४ जानेवारी, सकाळी ११:४०

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या. धागा पळवतेय, क्षमस्व. आमचं घर दुमजली आणि स्टोव्ह तळघरात, मागच्या मालकाची कृपा. तळघर नुसतं भट्टी, तळमजला कोमट, वरचा मजला गार. ऊन हवा वर जाते म्हणता, मग आमची का जात नाही? नवरा जमिनीत जाळी बसवायला निघालाय.

---

ओंडका | १४ जानेवारी, दुपारी १२:३०

तुम्हालाही शुभेच्छा. ऊन हवा वर जायला तयार आहे, पण तेवढीच गार हवा खाली यायला वाट नाही. तळघराच्या जिन्यात वर जाणारी आणि खाली येणारी हवा एकमेकींशी भांडत बसतात. जिना घराच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला, तळमजल्याच्या जमिनीत, जाळी हवी, म्हणजे गार हवा तिथून उतरेल आणि जिना ऊन हवेला मोकळा मिळेल. जुन्या न्यू इंग्लंडच्या शेतघरांत जमिनीत बिडाच्या जाळ्या असतात त्या याच कामाच्या.

पण नवऱ्याला करवत हातात घ्यायच्या आधी थांबवा. जमिनीतलं भोक म्हणजे आगीला आणि धुराला वर जायची वाट. आग लागली की आपोआप मिटणारी, वितळणाऱ्या कडीची झडप लागते का, ते गावच्या इन्स्पेक्टरला विचारा. आणि तुमच्या ओंटारियोत विमा कंपन्या लाकडाच्या स्टोव्हसाठी 'वेट' (लाकडाच्या स्टोव्हच्या कामाचं) प्रमाणपत्र असलेल्या तपासनिसाचा अहवाल मागतात. तो आधी बोलवा. स्टोव्हपासून भिंतीपर्यंतचं अंतरही तो मोजेल, स्टोव्हच्या मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं त्याच्याशी ताडून.

त्याआधी एक प्रश्न. तळघराच्या काँक्रीटच्या भिंतींना आतून इन्सुलेशन आहे का?

---

तिरफळ | १४ जानेवारी, दुपारी १२:४१

नाही. उघड्या भिंती आहेत.

---

ओंडका | १४ जानेवारी, दुपारी १२:५०

मग तुमचं बरंच लाकूड बाहेरची माती तापवतंय. जाळी नंतर, भिंती आधी. फोमचे पत्रे काँक्रीटला चिकटवून वर जिप्सम बोर्ड, कारण फोम उघडा ठेवायला परवानगी नसते. भिंतीला ओल असेल तर मात्र ती आधी बाहेरून बंद करा. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे शून्याखालींना बोलावू. त्या विषयावर ते तासभर बोलतात.